उसाचा केवडा दिसतो, मग घरातला का दिसत नाही?

चुनखडीच्या जमिनीत उसाची पाने पांढरी-पिवळी पडू लागली की आपण लांबूनच ओळखतो, केवडा पडला. लोह कमी पडले. लगेच हिराकस आणून फवारा मारतो. पण घरातली सून हंडा उचलताना धापा टाकते, नखे पांढरी दिसतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा आपण म्हणतो, "कामाचा थकवा हाय, होईल बरं." शेतकरी बंधूंनो, हा नुसता थकवा नसेल. हाही बहुधा लोहाचाच केवडा आहे. याला पंडुरोग किंवा रक्तक्षय म्हणतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी सुमारे ५४ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळले. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. गरोदर बाईच्या अंगात रक्त कमी असले की बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जिवावर बेतते. बाळही कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

चुनखडीच्या रानात लोह नसते असे नाही. ते असूनही मुळांना घेता येत नाही. पोटाचेही तसेच आहे. जेवणावर लगेच चहा घेतला की भाकरी-भाजीतले लोह अंगी लागत नाही. तेव्हा जेवण आणि चहा यात निदान तासाभराचे अंतर ठेवा. उलट लिंबू, आवळा, पेरू यांच्यामुळे लोह चांगले शोषले जाते. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळावे. मटकी, हरभरा मोड आणून खावा. भाजीचे पाणी फेकू नये. लोखंडी कढई अडगळीत टाकली असेल तर परत चुलीवर आणावी.

आता भाकरीचे पाहा. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, तर पांढऱ्या तांदळात १ मिलिग्रॅमही नसते. बाजरी विकून नुसता भात खाणे हा तोट्याचा व्यवहार आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी मिळून जादा लोहाचा 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण दिला आहे. खरिपात निदान घरखाण्यापुरता तरी लावून पाहा. पीठ मात्र थोडेथोडेच दळून आणा, ते लवकर कडू होते. बांधावर शेवगा लावा. त्याचा पालाही खायचा असतो.

तरीही केवळ खाण्याने भागेलच असे नाही. गरोदर मातेने उपकेंद्रातून मोफत मिळणारी लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस घेतली पाहिजे. शौचाला काळी होते म्हणून गोळी सोडू नये. हिराकस मात्र फवाऱ्याचे. ते चुकूनही पोटात घेऊ नये. मुलांना जंताची गोळीही वेळेवर द्या, कारण आकडेकृमी आतून रक्त पितात.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, आपल्या गावात किती बायकांचे रक्त तपासले, याचा आकडा नर्सबाईंकडून घेऊन ग्रामसभेत वाचून दाखवा. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. सातच्या खाली गेलेल्या मातेला त्याच दिवशी दवाखान्यात पोचवण्याची सोय करा. महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवलेला निधी अशाच कामी आला पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट बिनपैशाची. बहुतेक घरांत बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर भाजीचे पातेले रिकामे झालेले असते, ती चटणी-भाकरीवर भागवते. आज रात्रीपासून तिचे ताट सगळ्यांच्या बरोबरीने वाढा. माती परीक्षण तर आपण करतोच; आता घरच्या लक्ष्मीच्या रक्ताचीही तपासणी करून घ्या.