यंत्राचा पोळा

कारंजा तालुक्यातल्या धनजच्या शिवारात पऱ्हाटी कमरेला लागली, की फवारणीची लगबग सुरू होते. ट्रॅक्टरवरचा फवारा आला म्हणजे पाठीवरचा पंप उतरतो. जोखीम मात्र उतरत नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओवर पंप चालतो, औषध गाळणीतून नोझलांकडे जाते. एक नोझल तुंबले, की एक ओळ कोरडी! मग ते तोंडाने फुंकण्याचा मोह होतो, आणि तोच घातकी. तारही घालू नये. भोक मोठे होऊन औषध जास्त पडते. हातमोजे चढवून, पाण्यात मऊ ब्रशने धुवावे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० जण दगावले. संध्याकाळी टाकी विहिरीपासून दूर, तीनदा विसळावी. बैलांचा पोळा वर्षातून एकदा. यंत्राचा मात्र रोज!