मरीनाची संध्याकाळ : सुंडल, सुरमई आणि खारे वारे

गिरगाव चौपाटीवर किंवा जुहूला सूर्य समुद्रात बुडताना पाहत भेळ खाण्याची सवय असलेल्या पर्यटकाला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पहिल्या दिवशी थोडे चुकल्यासारखे वाटते. येथे समुद्र पूर्वेला आहे. सूर्य पाठीमागे, शहरातील इमारतींच्या आड मावळतो आणि पाण्यावर अंधार लवकर उतरतो. त्यातच चेन्नई मुंबईच्या बऱ्याच पूर्वेला असल्याने घड्याळाच्या हिशेबानेही येथे दिवस सुमारे अर्धा तास आधी मावळतो. सूर्यास्ताचा देखावा नसतानाही सुट्टीच्या संध्याकाळी हजारो कुटुंबे येथे वाळूवर बसून खाताना दिसतात. ती मुख्यतः वाऱ्यासाठी आलेली असतात.

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची थंड हवा आत येते. चेन्नईत हे खारे वारे साधारणपणे दुपारी सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर उकाडा काही अंशांनी उतरतो. मे आणि जूनमध्ये पश्चिमेकडून येणारा कोरडा वारा त्यांना अडवून धरतो. ते जितके उशिरा येतील तितका पारा चढतो आणि काही दिवशी तो ४० अंशांच्या पुढे जातो. अशा दिवशी भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असतात. घरात वातानुकूलन यंत्र नसलेल्या कुटुंबाला गारव्यात जेवता येईल अशी, एक पैसाही न मोजता मिळणारी जागा म्हणजे हा किनारा होय.

ही जागा जशी आज दिसते तशी निसर्गाने दिलेली नाही. १९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लाटा आजच्या रस्त्याच्या बऱ्याच जवळ येत असत. त्या काळात उत्तरेला बंदर बांधण्यात आले. या किनाऱ्यालगत वर्षभरात वाहून जाणारी वाळू एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. बंदराच्या भिंतींनी ती अडवली आणि दक्षिणेला साचत साचत मरीनाचे विस्तीर्ण वाळवंट तयार झाले. बंदराच्या उत्तरेकडील रोयापुरम आणि तिरुवोट्टियूरच्या बाजूला मात्र वाळूचा पुरवठा तुटला. तेथे समुद्र आत सरकला आणि किनारा वाचवण्यासाठी दगडांचे बांध घालावे लागले. सहलीला आलेली मंडळी ज्या वाळूवर चादर अंथरतात, ती एका अर्थी उत्तरेकडील कोळीवाड्यांच्या वाट्याची आहे.

किनाऱ्यालगतचा फिरण्याचा रस्ता १८८४ च्या सुमारास तयार झाला आणि त्याला मरीना हे नाव मद्रासचे तत्कालीन गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनी दिले. मराठी वाचकाला हे आडनाव ओळखीचे वाटेल. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे आणि साताऱ्यास रेसिडेंट असलेले जेम्स ग्रँट डफ हे त्यांचे वडील. मुंबईच्या गव्हर्नरचे नाव त्यांनी आपल्या मुलाला दिले होते.

आता जेवणाकडे वळू. मरीनावरचा सर्वांत परिचित पदार्थ म्हणजे सुंडल. विक्रेते ‘तेंगा, मांगा, पट्टाणी, सुंडल’ अशी त्याची नावाजलेली आरोळी देतात. तेंगा म्हणजे नारळ, मांगा म्हणजे आंबा आणि पट्टाणी म्हणजे वाटाणा. वाळलेले वाटाणे रात्रभर भिजवून मिठात शिजवतात, त्यावर मोहरी, हिंग, सुकी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी पडते आणि खोबरे व कैरीचे तुकडे मिसळून ते कागदाच्या पुडीत दिले जाते. नवरात्रात तमिळ घरांत बाहुल्यांची मांडणी करतात, तेव्हा येणाऱ्यांच्या हातावर नैवेद्य म्हणून ठेवले जाते तेही सुंडलच. भेळ आंबटगोड चटण्यांवर उभी असते. सुंडलमध्ये चटणी नसते, त्यामुळे वाटाणा नीट शिजला आहे की नाही हे पहिल्या घासातच कळते.

त्यानंतर भजी येतात. लांब, कमी तिखट मिरचीची आणि कच्च्या केळ्याची भजी येथे बज्जी या नावाने, खोबऱ्याच्या चटणीबरोबर मिळते. भाजलेली कणसे आणि शेंगदाणेही आहेत. मासे खाणाऱ्यांसाठी गाड्यांवर लाल मसाला चोळलेल्या मासळीची रांग मांडलेली असते. त्यातील वांजिरम म्हणजे आपली सुरमई आणि वव्वाल म्हणजे पापलेट. लाल मसाल्याखाली मासळीचा ताजेपणा ओळखणे कठीण असते. म्हणून ज्या गाडीवर माल भराभर उठतो ती निवडावी आणि मासा समोर तळून घ्यावा.

येथे मराठी कुटुंबांच्या सुट्ट्यांचे गणित आडवे येते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै या काळात असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवस पाळली जाते, म्हणजे उन्हाळी सुट्टी नेमकी तिच्यात सापडते. त्या काळात यांत्रिक बोटी बंद असतात. छोट्या पारंपरिक होड्यांना समुद्रात जाता येते, पण मासळी कमी आणि महाग होते. दिवाळीच्या सुट्टीत दुसरी अडचण येते. महाराष्ट्रातून पाऊस गेलेला असतो, तेव्हा चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील मुख्य पावसाळा असतो. वाळूवर निवांत जेवायचे असेल तर जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत सोयीचा. मात्र याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. प्रखर दिव्यांमुळे पिल्लांची दिशा चुकते आणि टाकलेल्या अन्नामागे येणारी कुत्री घरटी उकरतात. वेळासचा कासव महोत्सव पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

जेवण झाल्यावर पाण्यात उतरण्याचा मोह टाळलेला बरा. मरीनाजवळचा समुद्र थोड्याच अंतरावर खोल होतो, ओढ जोरदार असते आणि पोलिसांनी येथे समुद्रस्नानास मनाई केली आहे. दक्षिणेला बेझंटनगरच्या इलियट्स किनाऱ्यावर कार्ल श्मिट या डॅनिश खलाशाचे स्मारक उभे आहे. बुडणाऱ्यांना वाचवताना १९३० मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

या स्वस्त जेवणामागे जे उभे असतात, त्यांच्या जागेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. किनाऱ्यावर किती गाड्या असाव्यात, याबाबत मद्रास उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली नियमन सुरू झाले. कोविडमुळे मार्च २०२० पासून बंद असलेला किनारा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उघडला आणि जानेवारी २०२१ मध्ये महापालिकेने ९०० एकसारख्या गाड्यांसाठी सोडत काढली. त्यातील ६० टक्के गाड्या आधीपासूनच्या विक्रेत्यांसाठी आणि उरलेल्या नव्या अर्जदारांसाठी होत्या. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी बसणाऱ्या माणसाचा व्यवसाय चिठ्ठीवर अवलंबून राहणे कितपत न्याय्य आहे, ही शंका रास्त आहे. त्याचबरोबर, मोकळी वाळू गाड्यांनी भरून गेली तर कुटुंबांनी बसायचे कुठे, हा प्रश्नही खराच आहे. हा वाद पुढेही न्यायालयात चालू राहिला.

मासे विकणाऱ्यांचीही अशीच कहाणी आहे. नोच्चिकुप्पमचे कोळी किनाऱ्यालगतच्या लूप रोडवर मासे विकत. वाहतुकीला अडथळा होतो म्हणून एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर त्यांना हटवण्यास सुरुवात झाली. रस्ता होण्यापूर्वीपासून आम्ही येथे आहोत, असे म्हणत कोळ्यांनी आंदोलन केले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्यासाठी जवळच छप्पर असलेला बाजार सुरू झाला.