‘सहा महिन्यांत होईल!’

सी लँग्वेजच्या पहिल्या प्रॅक्टिकलला कंपायलर तुम्हाला भेटतो तो खडूस एक्झामिनरसारखा. अमुक ओळीत सेमिकोलन नाही, तमुक कंस बंद केलेला नाही. मग जर्नलमध्ये तुम्ही त्याची व्याख्या उतरवता : माणसाला वाचता येईल अशा भाषेतला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम. व्हायवात ती घडाघडा म्हणता आणि विषय संपतो. पण असा चांगला प्रोग्राम बनवता येईल यावर खुद्द कंप्युटरवाल्यांचाच विश्वास नव्हता, हे तुम्हाला कुणी सांगितलंय?

गोष्ट १९५० च्या दशकातल्या अमेरिकेतली. तेव्हा प्रोग्राम लिहायचा म्हणजे मशीनच्या एकेका सूचनेचा संकेत लिहायचा. कुठला आकडा मेमरीत कुठे ठेवला, याचा हिशेबही तुम्हीच ठेवायचा. हे जमणारे लोक मोजकेच, आणि त्यांना त्याचा अभिमानही भारी. पुढे जॉन बॅकस या प्रोग्रामरने या मंडळींची तुलना चक्क पुरोहितांशी केली. विद्या आपल्याजवळच राहावी आणि सामान्यांना तिचा गंध लागू नये, असं मानणारे पुरोहित! मशीन स्वतःच कोड लिहील, असं कुणी म्हटलं की ते हसायचे. ग्रेस हॉपरने १९५२ मध्ये युनिव्हॅकसाठी ‘ए-झीरो’ हा कंपायलर चालवून दाखवला, तरी त्याला कुणी हात लावेना. कंप्युटर फक्त आकडेमोड करू शकतो, असं तिलाच ऐकवलं गेलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला अ‍ॅलिक ग्लेनीने ‘ऑटोकोड’ बनवला होता. एमआयटीत लॅनिंग आणि झिरलर यांनी गणिताची समीकरणं जवळपास जशीच्या तशी समजणारी यंत्रणा तयार केली. पण तिचे प्रोग्राम हाताने लिहिलेल्या कोडपेक्षा कितीतरी पट हळू चालायचे. म्हणजे पुरोहितांच्या म्हणण्यातही तथ्य होतं.

आता हा बॅकस. त्याचं प्रगतिपुस्तक बघाल तर तुम्हाला स्वतःबद्दल बरं वाटेल. व्हर्जिनिया विद्यापीठातून त्याला काढून टाकलं, कारण अपुरी हजेरी. मग सैन्य, मग मेडिकल, तेही सोडलं. शेवटी कोलंबिया विद्यापीठात गणित. १९५० मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या इमारतीत मांडून ठेवलेला कंप्युटर बघायला गेला आणि नोकरी घेऊनच बाहेर पडला. प्रोग्राम लिहायचा त्याला कंटाळा यायचा. आपलं बरंचसं काम आळसातून आलं, असं तो पुढे मोकळेपणी सांगायचा.

१९५३ च्या अखेरीस त्याने साहेबांना, म्हणजे कथबर्ट हर्ड यांना पत्र लिहिलं. मुद्दा पैशांचा होता. प्रोग्रामरांचे पगार निदान मशीनइतकेच महाग, आणि मशीनचा पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जायचा. एकूण खर्चातला पाऊण हिस्सा असा प्रोग्राम लिहिण्यात आणि दुरुस्त करण्यातच जात होता. आयबीएमचं ७०४ हे नवं मशीन येऊ घातलं होतं. हर्ड यांनी होकार दिला.

त्या भाषेचं नाव फोरट्रान. गंमत म्हणजे भाषेची टीमला फारशी चिंताच नव्हती, ती त्यांनी जाता जाता ठरवली. खरी पैज होती वेगावर. कंपायलरने बनवलेला कोड हाताने लिहिलेल्या कोडच्या तोडीस तोड धावला नाही, तर कुणी ढुंकूनही बघणार नाही, हे बॅकसला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मेहनत गेली ती कंपायलरच्या पोटात. ७०४ मध्ये इंडेक्स रजिस्टर फक्त तीन. लूप वेगाने फिरवायची असेल तर ही तीन नीट वापरायला हवीत. टीमने काय केलं? आधी रजिस्टर हवी तितकी आहेत असं धरून कोड बनवायचा आणि मग त्यांचं काम तिघांत बसवायचं. हे बसवणं एमआयटीतून आलेल्या शेल्डन बेस्टकडे होतं. पण कुठला भाग जास्त वेळा चालणार, हे कळल्याशिवाय रजिस्टर कुणाला द्यायचं कसं ठरवणार? ते काम लोइस हाइब्टकडे. नुकतीच कॉलेजमधून बाहेर पडलेली मुलगी, आणि तिचा कोड प्रोग्राम प्रत्यक्ष चालण्याआधीच त्याची लुटुपुटूची फेरी करून कुठे गर्दी होईल याचा अंदाज घ्यायचा. (मी मास कॉमवाली. हे समजायला मला दोन इंजिनीअर मैत्रिणी आणि तीन कटिंग लागले.) कंपायलर जे बदल करायचा ते पाहून बनवणारेच चकित व्हायचे. हे बरोबर आहे की चूक, हे ठरवायला त्यांनाच डोकं खाजवावं लागे.

मशीनवर वेळ मिळायचा तो रात्री. म्हणून ५६ व्या रस्त्यावरच्या लँगडन हॉटेलात खोल्या घ्यायच्या, दिवसा थोडं झोपायचं आणि रात्रभर ५७ व्या रस्त्यावरच्या मुख्यालयात मशीनजवळ बसायचं. कधी होणार, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं : सहा महिन्यांत! ब्लॅक बुक ठरवणाऱ्या आपल्या प्रोजेक्ट ग्रुपची आठवण झाली ना? ते सहा महिने संपले एप्रिल १९५७ मध्ये. कंपायलरच्या ‘ड्रॅगन बुक’मध्ये या कामाची किंमत दिली आहे : १८ माणसांचं एक वर्ष, किंवा एका माणसाची १८ वर्षं.

त्याच एप्रिलमध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउसच्या बेटिस प्रयोगशाळेत पंच कार्डांचा एक खोका येऊन पडला. सोबत माहितीपत्रक वगैरे काही नाही. तिथल्या लोकांनी अंदाजाने ओळखलं की हा तोच फोरट्रान असणार. त्यांनी कार्डं मशीनला खाऊ घातली, स्वतःचा प्रोग्राम दिला, आणि प्रिंटरने तक्रार छापली : ‘गो टू’च्या एका ओळीत कंसानंतर स्वल्पविराम नाही. स्वल्पविरामाचं कार्ड दुरुस्त करून पुन्हा चालवलं, तर २८ पानं उत्तरं आली. १९५८ मध्ये ७०४ असलेल्या २६ ठिकाणी विचारपूस झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणी निम्म्याहून जास्त कामं फोरट्रानमध्येच चालत होती. पुरोहितांचे मंत्र मागे पडले, पण त्यांच्या नोकऱ्या गेल्या नाहीत. कारण आता प्रोग्राम मागणारे शास्त्रज्ञ आणि इंजिनीअर आधीपेक्षा जास्त झाले होते.

आपल्याकडे फोरट्रान पोहोचायला फार वेळ लागला नाही. १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० आला आणि तिथल्या विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग शिकवलं ते याच भाषेत. वर्षभरात मुंबईत टीआयएफआरला सीडीसी ३६०० आला. तुमच्या कॉलेजातले सगळ्यात जुने प्राध्यापक विचारून बघा, कार्डाच्या सातव्या रकान्यापासून लिहायचं आणि बहात्तराव्यात थांबायचं, हे त्यांच्या अजून बोटांत असेल.

बॅकसला १९७७ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं भाषण म्हणजे आभारप्रदर्शन, अशी सगळ्यांची अपेक्षा. त्याने ते वापरलं फोरट्रानसारख्या भाषांच्या मूळ रचनेवरच टीका करायला.