पडद्याविना डेटाबेस : एकाच सर्व्हरवरील उभारणी आणि आधी द्यावयाची उत्तरे

कृषी विज्ञान केंद्राची मृद परीक्षण प्रयोगशाळा असो वा शेतकरी उत्पादक कंपनीचे संकलन केंद्र, तेथील नोंदी बहुधा स्प्रेडशीटमध्ये सुरू होतात. पहिल्या वर्षी एक फाइल पुरते. पुढे तालुकानिहाय फाइली होतात, त्यांच्या प्रती दोन-तीन संगणकांवर फिरू लागतात आणि कोणती प्रत अखेरची हे सांगणे कठीण होऊन बसते. मृद आरोग्य पत्रिकेवर एका नमुन्याचे १२ निकष नोंदवले जातात. एकाच शेताच्या लागोपाठच्या तीन चाचण्यांमध्ये सेंद्रिय कर्ब वाढला की घटला, हे पाहण्यासाठी या सर्व नोंदी एका ठिकाणी आणि एका शिस्तीत असाव्या लागतात. डेटाबेसची गरज येथे निर्माण होते.

लहान संस्थेसाठी हा डेटाबेस सामान्यतः एकाच सर्व्हरवर उभारला जातो आणि त्या सर्व्हरवर खिडक्या, चिन्हे व माउस असलेला नेहमीचा पडदा नसतो. काळ्या पटलावर अक्षरांनी आज्ञा द्यावयाच्या व उत्तरही अक्षरांतच वाचावयाचे, अशी ही पद्धत. प्रथम पाहणाऱ्यास ती मागासलेली वाटते. वस्तुतः तिची कारणे व्यावहारिक आहेत. चित्रमय पडदा चालवण्यासाठी लागणारी स्मृती व प्रक्रियाशक्ती डेटाबेसच्या कामी येते. जितके कमी सॉफ्टवेअर तितक्या त्यातील सुरक्षेच्या फटी कमी आणि अद्ययावत करण्याचे कामही कमी. शिवाय एसएसएच या सांकेतिक मार्गाने दूरवरून दिलेल्या आज्ञा केवळ अक्षरांच्या असल्याने मोबाइलच्या क्षीण जोडणीवरूनही पोहोचतात. मात्र काम अर्धे झाले असता जोडणी तुटली तर चालू असलेले इन्स्टॉलेशनही थांबू शकते. म्हणून असे काम ‘टीमक्स’सारख्या साधनात करावे. त्यात जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालू राहते व पुन्हा जोडून ते पुढे पाहता येते.

न विचारलेले प्रश्न

पडद्यावरील इन्स्टॉलेशन प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारते : कोठे ठेवायचे, भाषा कोणती, परवलीचा शब्द काय. पडद्याविना होणारे इन्स्टॉलेशन अनेकदा विचारतच नाही. उत्तर आधी लिहून दिलेले असेल तर ते घेते आणि नसेल तर स्वतःच एखादे उत्तर गृहीत धरून पुढे जाते. शेवटी ‘काम पूर्ण झाले’ असा संदेश दोन्ही वेळा सारखाच येतो. गृहीत धरलेले उत्तर चुकीचे होते, हे काही महिन्यांनी, हजारो नोंदी भरून झाल्यावर कळते.

म्हणून या कामातील महत्त्वाचा भाग आज्ञा टंकण्याच्या आधीचा आहे. तंत्रज्ञ बाहेरून येतो. त्याला आज्ञा माहीत असतात, परंतु संकलन पहाटे किती वाजता सुरू होते, नावे कोणत्या लिपीत लिहिली जातात, वीज किती वेळा जाते, नोंदी कोणी पाहाव्यात, हे त्याला ठाऊक नसते. ही उत्तरे नोंदींशी रोजचा संबंध असलेल्या व्यक्तीनेच द्यावयास हवीत.

मोठ्या संस्थांत वापरल्या जाणाऱ्या ओरॅकलच्या प्रणालीत ही कल्पना अगदी उघड दिसते. एकाच सर्व्हरसाठी असलेले तिचे ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर हे डेटाबेसच्या खालचा पाया होय. ते डिस्कचे व्यवस्थापन करते आणि सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यास डेटाबेस आपोआप उभा करते. पडद्याविना ते बसवण्यासाठी ‘मूक’ पद्धत असते व तिला एक उत्तर-फाइल द्यावी लागते. डिस्क कोणत्या, त्यांवर माहितीच्या प्रती एक, दोन की तीन, व्यवस्थापक गट कोणता, हे सर्व त्या फाइलीत आधीच लिहिलेले असते. प्रारंभी पूर्वअटींची तपासणी होते. १९सी या आवृत्तीत ग्रिडसाठी किमान ८ जीबी स्मृती लागते. तपासणीतील त्रुटी दुर्लक्षून पुढे जाण्याची सोयही दिलेली आहे, पण घाईच्या दिवशी तिचा मोह टाळलेला बरा. मूक इन्स्टॉलेशन संपताना रूट वापरकर्त्याने चालवावयाच्या आज्ञावल्यांची नावे पटलावर येतात. त्या चालवून नंतर रचनेचा अखेरचा टप्पाही स्वतंत्रपणे चालवावा लागतो. यांपैकी काही राहिले तर फाइली जागेवर असतात, पण पाया अर्धवट राहतो. उत्तर-फाइलीत परवलीचे शब्द लिहिले असल्यास काम होताच ते काढून टाकावेत. उरलेली फाइल मात्र जपून ठेवावी.

प्रयोगशाळेच्या किंवा उत्पादक कंपनीच्या गरजेस एवढा डोलारा सहसा लागत नाही. पोस्टग्रेस-क्यूएल हा मुक्त डेटाबेस त्यांना पुरेसा ठरतो. त्याचा उगम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९८६ च्या प्रकल्पात आहे. परवाना शुल्क नाही, दरवर्षी एक मुख्य आवृत्ती येते व प्रत्येकीस ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात. पुढील विवेचन त्यास अनुसरून आहे.

लिपीचा प्रश्न

डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रणालींवर पोस्टग्रेसचे पॅकेज बसवताच पहिला डेटाबेस-संच आपोआप तयार होतो. त्या क्षणी सर्व्हरची जी भाषा-निवड असेल तीच तो घेतो. मोजक्या घटकांच्या सर्व्हरवर भाषेची निवड झालेलीच नसेल, तर संच युनिकोडऐवजी जुन्या आस्की संकेतात तयार होऊ शकतो. मराठी नावे तेव्हाही साठवली जातात आणि दिसतातही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु डेटाबेस अक्षरे न मोजता बाइट मोजत असतो व चुकीचे बाइट आले तरी अडवत नाही. हा संकेत पुढे बदलण्यास एकच खात्रीचा मार्ग उरतो : सर्व माहिती बाहेर काढून नवा संच तयार करणे व ती पुन्हा भरणे. रेड हॅट घराण्यातील प्रणालींवर संच आपोआप तयार होत नाही, तो वेगळ्या आज्ञेने करावा लागतो. ही अडचण वाटते, पण तेवढीच विचार करण्यास उसंत मिळते. डेबियनवर अशी उसंत हवी असल्यास आधी केवळ सामाईक पॅकेज बसवावे, त्याच्या रचना-फाइलीत यूटीएफ-८ व भाषेचा नियम लिहावा आणि मगच मुख्य पॅकेज बसवावे.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ या नावात जोडाक्षरांतील हलन्त व मात्रा धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात. पोस्टग्रेसमध्ये रकान्याची मर्यादा चिन्हांत मोजली जाते. ओरॅकलमध्ये मुद्दाम सांगितले नाही तर ती बाइटमध्ये धरली जाते. इंग्रजी नावांच्या अंदाजाने ठेवलेल्या ३० च्या रकान्यात मग ‘ज्ञानेश्वर’ जेमतेम बसते व आडनावास जागा राहत नाही.

क्रमवारीचेही तसेच आहे. संकेतांकांच्या क्रमाने यादी लावल्यास ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी येते, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर असल्याने मराठी वाचकास ते नंतर यावयास हवे. आयसीयू या ग्रंथालयाचा मराठी क्रम-नियम निवडल्यास यादी अपेक्षेप्रमाणे लागते. आवृत्ती १० पासून पोस्टग्रेसमध्ये ही सोय आहे.

याहून त्रासदायक बाब ऱ या अक्षराची. ‘कऱ्हाड’ किंवा ‘बऱ्हाणपूर’ लिहिताना एक कळफलक ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतो, दुसरा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी तेच रूप घडवतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन वेगळी गावे. गाव शोधताना निम्मे नमुने हरवल्यासारखे वाटतात ते यामुळे. यावर इन्स्टॉलेशनमध्ये उपाय नाही. गावांची नावे टंकू न देता तयार यादीतून निवडण्याची सोय ठेवावी व ती यादी एकाच व्यक्तीने करावी.

घड्याळ, वीज आणि डिस्क

नवा सर्व्हर पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. दूध संकलन केंद्रावर पहाटे ५ वाजता झालेली नोंद या घड्याळानुसार आदल्या दिवशीच्या रात्री ११:३० ची ठरते, तर सकाळी ६ ची नोंद आजची. एकाच सकाळचे दूध असे दोन तारखांत विभागले जाते आणि दहा दिवसांच्या हिशेबात उत्पादकाशी वाद उद्भवतो. सर्व्हरची वेळ ‘आशिया/कोलकाता’ अशी, संच तयार करण्यापूर्वीच ठरवावी, कारण पोस्टग्रेस आपली वेळ तेव्हाच सर्व्हरकडून घेऊन लिहून ठेवतो.

विजेच्या बाबतीत पोस्टग्रेस बराच सोशिक आहे. प्रत्येक बदल तो आधी एका नोंदवहीत लिहितो व नंतर मूळ जागी नेतो. मध्येच वीज गेल्यास पुन्हा सुरू होताना ही नोंदवही वाचून तो सावरतो. मात्र वेग वाढवण्यासाठी काही जण डिस्कवर लिहिल्याची खात्री करून घेणारी रचना बंद करतात, तसे केल्यास हे संरक्षण संपते. साठवलेल्या पानांची तपासणी-बेरीज ठेवण्याची सोय आवृत्ती १८ पासून मुळातच चालू असते. त्याआधीच्या आवृत्तीत ती संच तयार करतानाच मागून घ्यावी. यूपीएस असावाच, व सर्व्हर नीट बंद होण्याइतका वेळ तो पुरतो का, हे प्लग काढून एकदा पाहावे.

स्मृतीविषयी फार खोलात जाण्याचे कारण नाही. पोस्टग्रेस आरंभी सामाईक स्मृतीसाठी १२८ एमबी घेतो. केवळ डेटाबेससाठी असलेल्या सर्व्हरवर एकूण स्मृतीच्या एक चतुर्थांश दिल्यास बहुतेकांचे काम भागते.

दार कोणासाठी उघडावे

इन्स्टॉलेशननंतर पोस्टग्रेस फक्त त्याच सर्व्हरवरील विनंत्या ऐकतो. प्रयोगशाळेतील दुसऱ्या संगणकावरून तो दिसत नाही, म्हणून घाईने ‘सर्व पत्त्यांवरून, सर्वांना’ अशी मुभा दिली जाते. त्याचे ५४३२ हे द्वार इंटरनेटवर उघडे राहिल्यास त्यावर अनोळखी यंत्रांच्या टकटकीस फार वेळ लागत नाही. प्रयोगशाळेच्या अंतर्गत जाळ्यातील पत्त्यांनाच प्रवेश द्यावा. बाहेरून काम करणाऱ्याने एसएसएचच्या मार्गातून यावे व तेथे परवलीच्या शब्दाऐवजी किल्ली-फाइल वापरावी. नोंदी भरणारा, नोंदी पाहणारा आणि व्यवस्थापक यांची खाती वेगळी असावीत. पाहणाऱ्यास खोडण्याचा अधिकार कशासाठी?

शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक, गट क्रमांक ही व्यक्तीची माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी माहिती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. माती तपासण्यासाठी आधार क्रमांक लागत नसेल तर त्याचा रकानाच ठेवू नये, हा सर्वांत स्वस्त बंदोबस्त होय.

एकच सर्व्हर, म्हणून

दोन डिस्कवर तीच माहिती लिहिण्याची व्यवस्था अनेक सर्व्हरमध्ये असते. एक डिस्क बिघडली तर ती तारते. चुकून खोडलेला तक्ता मात्र दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो, आणि चोरी, आग किंवा छतातून गळणारे पाणी दोन्ही डिस्कना एकत्रच गाठते. त्यामुळे रोज रात्री पीजी-डंप या साधनाने संपूर्ण प्रत काढून ती त्याच दिवशी दुसऱ्या इमारतीत जाईल अशी योजना करावी. पीजी-डंप एका वेळी एकच डेटाबेस उतरवतो. वापरकर्त्यांची खाती त्यात येत नाहीत, ती वेगळ्या आज्ञेने काढावी लागतात, आणि नेमके हेच राहून जाते.

प्रत निघाली यावर समाधान मानू नये, ती उतरते का हे पाहावे. हंगामाच्या आधी, नमुन्यांची गर्दी नसताना, एखादा साधा संगणक घ्यावा. त्यावर पडदा नसलेली तीच लिनक्स प्रणाली बसवावी, जपून ठेवलेल्या उत्तर-फाइलीनुसार पोस्टग्रेस उभा करावा व कालची प्रत त्यात भरावी. मग एकूण नमुन्यांची संख्या मूळ सर्व्हरशी जुळवावी, ‘काळे’ कोठे येतात ते पाहावे, पहाटेच्या एका नोंदीची तारीख तपासावी आणि छापील मृद आरोग्य पत्रिका हाती घेऊन तिचे बाराही आकडे पडताळावेत. एखादा टप्पा उत्तर-फाइलीत नसून तंत्रज्ञाच्या स्मरणातच होता, असे येथे हमखास उघड होते. तो त्याच दिवशी फाइलीत लिहावा. या सर्वास किती तास लागले, तेही तिच्या शेवटच्या ओळीत तारखेसह नोंदवून ठेवावे आणि तिची एक छापील प्रत सर्व्हरच्या खोलीत न ठेवता कार्यालयाच्या कपाटात ठेवावी.