बर्फातला अम्मीचा फोटो

गुलमर्गहून परतल्यावर फोटो पाहिले, तर बर्फ राखाडी आणि अम्मीचा चेहरा काळवंडलेला. गुडघ्यांमुळे तिला पुन्हा तिथे जाणे जमणार नाही. चूक माझीच.

कॅमेरा समोरचे सारे मध्यम उजेडाचे धरतो. पांढरे फार दिसले की फोटो गडद करतो. म्हणून बर्फात मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून सूर्याचे चिन्ह थोडे वर सरकवावे. मोठ्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर +१ ठेवावे. थंडीत बॅटरी लवकर उतरते, मोबाइल आतल्या खिशात बरा.

एडिटिंगमध्ये ‘शॅडो’ वाढवल्यावर चेहरा उजळला. बर्फ मात्र बेताचाच उजळला, नाहीतर पावलांचे ठसेही पुसले जातात. मुलांना फिल्टरने दादीला गोरी करायचे होते. मी साफ नको म्हटले. सुरकुत्या तशाच आहेत.