कोडच्या नमुन्यातील ओळींचे विशेषांकन

वेबपृष्ठावर संगणकीय कोडचा नमुना देताना त्यातील एखादी ओळ रंगाच्या पट्टीने उठवून दाखविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पोथीतील ‘उवाच’सारख्या शब्दांवर गेरू फिरविण्याचाच हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाही. मात्र गेरू ज्या शब्दावर लागे त्यावरच राहत असे. पडद्यावरील पट्टीविषयी तसे सांगता येत नाही.

जावा भाषेच्या लायब्ररीतील बायनरी सर्चच्या कोडमधील एक दोष जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. मधला निर्देशांक काढण्यासाठी खालच्या व वरच्या निर्देशांकांची बेरीज करून तिला दोहोंनी भागले होते. ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेपलीकडे गेली की ऋण होते आणि प्रोग्राम कोलमडतो. सुमारे नऊ वर्षे हा दोष दडून राहिला होता. ब्लॉक यांच्या नमुन्यात ही ओळ सहावी आहे, आणि वाचकाने पाहावयाचे ते तेवढेच.

आता असे समजा की, हा नमुना छापताना ‘ओळ ६ ठळक करा’ अशी सूचना दिली आणि पुढे कोणी आरंभी एक टिप्पणीची ओळ वाढविली. पट्टी तत्काळ आवर्तनाच्या अटीवर जाऊन बसते. बायनरी सर्च लिहिताना नवशिके बहुधा याच अटीत चुकतात. तेव्हा वाचक दोष तेथेच आहे असे निःशंकपणे मानून चालतो. संगणक कोणतीही तक्रार करीत नाही. निर्दोष ओळीकडे बोट दाखविणारा नमुना हा काहीच न दाखविणाऱ्या नमुन्याहून अधिक घातक होय.

क्रमांक मोजण्याच्या रीतीमुळेही घोटाळा होतो. पिगमेंट्स या प्रचलित साधनात ठळक करावयाच्या ओळी नेहमी नमुन्याच्या पहिल्या ओळीपासून मोजल्या जातात. शेजारी छापलेल्या क्रमांकांशी त्यांचा संबंध नसतो. छापील क्रमांक १२० पासून सुरू होत असतील, तर १२५वी ओळ उठविण्यासाठी ६ हाच आकडा द्यावा लागतो.

यावर उपाय म्हणजे खूण ओळीतच टिप्पणीच्या रूपाने लिहिणे. शिकी या साधनात अशी सोय असून प्रदर्शनापूर्वी ती खूण काढून टाकली जाते. ओळ हलली तरी खूण तिच्याबरोबरच हलते. अर्थात जेसनसारख्या, टिप्पणीला मुळीच वाव नसलेल्या लेखनात हा उपाय लंगडा पडतो. तेथे क्रमांकांवाचून गत्यंतर नाही. अन्यत्र मात्र खुणेचीच रीत श्रेयस्कर.

पट्टी काढण्याचे प्रकार मुख्यतः दोन. प्रत्येक ओळ स्वतंत्र घटकात गुंडाळणे हा एक. यात अनेक ओळींवर पसरलेली टिप्पणी ओळीगणिक तोडून पुन्हा जोडावी लागते. ओळीच्या उंचीवरून स्थान काढून वर पट्टी अंथरणे हा दुसरा. लांब ओळ मोडून दोन ओळींवर आली की याचे गणित चुकण्याचा संभव असतो.

रंगाची निवडही वाटते तितकी किरकोळ नव्हे. वेब सुगम्यतेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ रंगावर अर्थ अवलंबून ठेवू नये, आणि सामान्य मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांतील विरोधाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर जेमतेम वाचता येणारी करडी टिप्पणी पिवळ्या पट्टीवर या मर्यादेखाली घसरू शकते. शिवाय ब्राउझर छपाईच्या वेळी पार्श्वभूमीचे रंग सहसा गाळतात. डाव्या कडेची उभी रेघ मात्र कागदावर उमटते.