सुट्टी आपल्या गावात, पैसा आपल्या माणसांत

एप्रिल उजाडला आणि मुलांच्या परीक्षा आटोपत आल्या की आपल्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. यंदा सुट्टीत कुठे जायचे? शेजारचे महाबळेश्वरला गेले, समोरचे गोव्याला गेले, मग आपणच मागे का? पाहता पाहता पतपेढीतून कर्ज निघते, चार दिवसांची हौस होते आणि तिचे हप्ते दिवाळीपर्यंत फिटत नाहीत. फिरण्याला आमचा विरोध नाही. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य जावे, जग पाहावे. परंतु आम्हां तळेगावकरांना वाटते की आपल्या दाराशी जे आहे ते आपण अजून नीट पाहिलेले नाही, आणि आपल्याच गल्लीत उन्हातान्हात उभ्या असलेल्या माणसाकडेही आपले लक्ष गेलेले नाही. यंदाची सुट्टी या दोन गोष्टींसाठी द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.

जयंतीपासून पौर्णिमेपर्यंत

आपला उन्हाळा ११ एप्रिलला महात्मा फुले जयंतीने सुरू होतो, १४ एप्रिलला भरात येतो आणि वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला शांत होतो. या चार-सहा आठवड्यांत आपल्या भागात जितके कार्यक्रम होतात तितके वर्षभरात होत नाहीत. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या वतीने फुले-आंबेडकर जयंतीनिमित्त विचार प्रबोधन पर्व भरते. व्याख्याने, शाहिरी, गायन असे सर्व तेथे विनामूल्य ऐकायला मिळते. तळेगावहून लोकल पकडली की पिंपरी दूर नाही. देहूरोडला उतरून बुद्धविहारात जावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आणि आपल्या तळेगावात तर बाबासाहेबांचा बंगलाच आहे. ते येथे येऊन राहत असत. परगावची माणसे वाट काढत तो पाहायला येतात आणि स्टेशनजवळ राहणाऱ्या कित्येक मुलांनी तो आतून पाहिलेला नसतो!

या कार्यक्रमांच्या कडेने एक छोटा बाजार उभा राहतो, त्याच्याविषयी आम्हांला मुद्दाम लिहायचे आहे. सतरंजीवर पुस्तके मांडून बसलेला तरुण, निळे झेंडे आणि बिल्ले विकणारी मावशी, मेणबत्त्या आणि पांढरी फुले घेऊन विहाराच्या पायरीशी बसलेली आजी, सरबताची गाडी लावणारा भाऊ. यांच्यापैकी अनेकांची वर्षाची मोठी कमाई याच दिवसांत होते. मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतींवर एका रात्रीत हजारो रुपये उडतात आणि पुस्तकांच्या सतरंजीपुढे मात्र घासाघीस चालते. मंडळांनी वर्गणीतला एक ठरावीक भाग पुस्तके विकत घेऊन मुलांना वाटण्यासाठी काढला, तर जयंती साजरी होईल आणि त्या तरुणाच्या घरची चूलही पेटेल.

डोंगरावर कोरलेली नावे

तळेगावच्या आग्नेयेला, जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत शेलारवाडीचा डोंगर आहे. घोरावडी आणि बेगडेवाडी ही दोन स्टेशने जवळच. या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. कार्ले-भाज्यांइतकी ती मोठी नाहीत, म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. परंतु तिथल्या एका ब्राह्मी शिलालेखात काय लिहिले आहे ते वाचकहो, मुलांना जरूर सांगा. धेनुकाकट येथे राहणारा उसभणक नावाचा एक नांगर धरणारा कुणबी होता. त्याची पत्नी सियगुतणिका हिने, नंद या आपल्या मुलासह, हे लेणे दान दिले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही नोंद आहे. त्यात राजाचे नाव नाही. एका शेतकरी घरातल्या बाईचे नाव आहे.

पुढे मळवलीला उतरून उत्तरेला कार्ले लेण्यांत जावे. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविले, असे तेथे कोरलेले आहे. तो धनिक होता. पण त्याच चैत्यगृहाच्या दारापाशी सिंहदत्त नावाच्या एका गंधिकाचे, म्हणजे अत्तर-सुगंधी विकणाऱ्या दुकानदाराचे दान नोंदलेले आहे. वेणुवासाचा मुलगा सामी हा सुतार. दरवाजाचे काम आपण केले, हे त्याच्याही नावाने लिहिलेले आहे. खांबांवर दूरदेशीच्या यवनांचीही नावे आहेत. देशातील सर्वांत भव्य चैत्यगृहांपैकी एक असे हे लेणे श्रेष्ठी, दुकानदार, कारागीर आणि परके अशा सर्वांच्या पैशातून आणि श्रमातून उभे राहिले. ज्याने जेवढे दिले तेवढे त्याच्या नावावर लिहिले गेले. छोट्या धंदेवाईकाला कमी लेखणाऱ्या आजच्या समाजाने हे शिलालेख पुन्हा पुन्हा वाचावेत.

जाण्याची तयारी अशी करावी. तळेगावनंतर वडगाव, कान्हे, कामशेत आणि चौथे स्टेशन मळवली. लेणी उघडताच आत जाता येईल अशा बेताने सकाळी निघावे, कारण दुपारी लोकल कमी असतात आणि पायऱ्याही तापतात. परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. चैत्रात एकवीरेची यात्रा भरते, त्या दिवसांत कार्ल्याला गर्दी मोठी असते, ते दिवस टाळावेत. मळवलीच्या दक्षिणेला भाजे लेणी आहेत. दोन्ही एका दिवसात करण्याचा हट्ट लहान मुलांबरोबर धरू नये. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पाणी भरपूर न्यावे, डोक्याला रुमाल बांधावा. लेण्यांच्या कड्यांना मधमाश्यांची पोळी असतात, तेथे धूर किंवा आरडाओरडा करू नये. भाकरी-पिठले घरून न्यावे, पण पायथ्याच्या बाईकडून ताक अवश्य घ्यावे.

नदीकाठच्या सहलीबद्दल एक इशारा दिला पाहिजे. १५ जून २०२५ रोजी, रविवारच्या गर्दीत, इंद्रायणीवरील कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. पहिला पाऊस पडला की पाणी पाहण्याची हौस सर्वांनाच होते. परंतु जेथे फलक लावून मनाई केली आहे तेथे पाऊल टाकू नये, आणि दहा माणसे गेली म्हणून आपणही जावे असे तर मुळीच करू नये.

माठ, रसवंती आणि करवंदांच्या टोपल्या

आता गावातल्या बाजाराकडे येऊ. रस्त्याच्या कडेला माठ मांडून बसलेल्या कुंभाराकडून माठ घ्यावा तो बोटाने वाजवून. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली आणि तडा नाही. नवा माठ रात्रभर भरून ठेवावा, पहिले पाणी टाकून द्यावे आणि मग वापरायला काढावा. फ्रीजच्या बाटलीपेक्षा घशाला ते पाणी बरे, आणि विजेचे बिलही नाही.

मे महिन्यात मावळातल्या डोंगरांतून करवंदे आणि जांभळे येतात. ठाकर, कातकरी बाया पहाटे रान तुडवून, काटे लावून घेऊन ती काढतात आणि पानांच्या द्रोणात स्टेशनबाहेर विकायला बसतात. संध्याकाळपर्यंत माल गेला नाही तर तो नासतो, हे गिऱ्हाईकाला ठाऊक असते. म्हणून दिवस कलला की भाव पाडून मागणारे वाढतात. मॉलमध्ये छापील किंमत निमूटपणे देणारे आपण, या बाईशी पाच रुपयांसाठी वाद घालतो! आमच्या घरी आम्ही एक नियम केला आहे. डोक्यावरून टोपली उतरवून विकणाऱ्याशी भाव करायचा नाही.

रसवंतीवाल्याचेही असेच. मार्च ते पहिला पाऊस एवढाच त्याचा हंगाम. यंत्र, ऊस, बर्फ, जागा हा सगळा खर्च त्यातूनच काढायचा. वळवाची एक सर आली की त्या दिवसाची विक्री बुडाली. गिऱ्हाइकानेही बर्फ स्वच्छ पाण्याचा आहे का, ग्लास नीट धुतले जातात का, हे विचारावे. विचारणारे गिऱ्हाईक आले की धंदाही सुधारतो.

जयभीम घालून उधारी नको

येथे एक कडू गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या समाजातले तरुण आता चहाची गाडी, वडापाव, सरबत, पन्हे, छपाई, मांडव, फुले अशा धंद्यांत येऊ लागले आहेत. एकेकाळी ज्या हातचे पाणी चालत नव्हते, ज्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावे लागले, त्या हातांनी आज गावाला सरबत पाजावे, ही लहान गोष्ट नाही. पण या तरुणांना विचारा, धंदा कशाने बसतो? पुष्कळ वेळा उत्तर येते, आपल्याच माणसांच्या उधारीने. जयभीम घालायचा, चार जणांना चहा सांगायचा आणि जाताना "वहीत लिही" म्हणायचे. परक्याच्या दुकानात रोख देणारा माणूस आपल्या भावाच्या दुकानात सवलत मागतो. भावाला नाही म्हणवत नाही, आणि सहा महिन्यांत गाडी उलटी पडलेली दिसते. ज्याला जयभीम घालायचा त्याला रोख पैसेही द्यावेत. तोच खरा मान.

त्याचबरोबर दुकानदार बंधूंनाही सांगणे आहे. आपला म्हणून गिऱ्हाईक एकदा येईल, दुसऱ्यांदा ते येते मालासाठी. वजन पुरे द्यावे, भांडी स्वच्छ ठेवावीत, वेळ पाळावी. महात्मा फुले समाजकार्याबरोबर बांधकामाची कंत्राटे घेत होते आणि भाजीपाल्याचा व्यापारही करीत होते. धंदा चोख असावा, हे त्यांच्याकडून शिकावे.

पैसा कुठे फिरतो

तळेगावला छोट्या पैशाची ताकद नव्याने सांगायला नको. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक-एक पैसा गोळा करण्याची मोहीम चालविली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली याच गावात काचेचा कारखाना उभा राहिला. शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, येथे जनरल मोटर्सचा मोठा मोटार कारखाना सुरू झाला. २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले आणि पुढे तो ह्युंदाईने घेतला. मोठे कारखाने यावेत, आपल्या मुलांना त्यांत कामे मिळावीत. परंतु त्यांचे निर्णय दूरदेशी होतात. भोंगा थांबला की पहिली झळ बसते ती गेटसमोरच्या टपरीला, आणि काम गेलेला माणूसही अखेर एखादी हातगाडीच उभी करतो. म्हणून हातगाडी टिकली पाहिजे.

यासाठी कायद्याचा आधार आहे, तो माहीत करून घ्यावा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर परिषदेने विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून त्यांना प्रमाणपत्र द्यायचे आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एकतृतीयांश महिला असल्या पाहिजेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत तारणाशिवाय १० हजारांचे पहिले कर्ज मिळत असे, २०२५ मध्ये ते १५ हजार करण्यात आले. वेळेवर फेडणाऱ्याला पुढे २५ हजार आणि मग ५० हजार मिळू शकतात. खाजगी सावकाराचे रोजच्या व्याजाचे पैसे उचलण्यापेक्षा हे कितीतरी बरे. शिकलेल्या मुलामुलींनी सुट्टीत एक काम करावे. वस्तीतल्या विक्रेत्या मावशांचे अर्ज भरून द्यावेत.

मुलांच्या हाती वही

शेवटी मुलांसाठी एक खेळ सुचवितो. सुट्टीच्या पहिल्या दिवशी त्यांना एक कोरी वही द्या. महिनाभर घरात जे जे विकत येईल त्याची नोंद त्यांनी करावी: काय घेतले, किती रुपयांना, आणि कोणाकडून. "कोणाकडून" या रकान्यात दुकानाची पाटी नको, माणसाचे नाव पाहिजे. नाव ठाऊक नसेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून यावे. महिनाअखेरीस बेरीज करावी. किती पैसे गावात राहिले, किती बाहेर गेले, किती जणांच्या घरी आपले चार पैसे पोचले, हे मुलांना हिशेबानेच कळेल. त्या वहीत कुंभाराचे, रसवंतीवाल्याचे, करवंदे विकणाऱ्या बाईचे नाव असेल. कार्ल्याच्या दारावर सुताराचे नाव कोणीतरी असेच आठवणीने लिहिले होते, म्हणून दोन हजार वर्षांनी ते आपल्याला वाचता आले.